माळवकट्ट्यावरची हरवलेली हाक

१. कोरं पान

गुरुवारी सकाळी अजेयने चहाचा कप हातात घेऊन संगणक उघडला, तर ‘हाक’ जागेवर नव्हती.

‘माळवकट्टा’ ही साइट उघडत होती. वर देवासच्या टेकडीचं चित्र, खाली सभासदांचे फोटो, वधूवरांची पानं, नाटकाच्या तालमीची सूचना, सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त ‘हाक’ या शब्दावर टिचकी मारली की कोरं पान येई. धार आणि देवासच्या मराठी माणसांनी एकमेकांना घातलेल्या सगळ्या हाका आणि त्यांना आलेली उत्तरं, एकूण एक गायब.

ही गोष्ट २००८ सालची. अजेयचे वडील अशोकराव साताऱ्याकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी देवासला आले आणि इथलेच झाले. अजेय शिकला, पीथमपूरला चांगल्या नोकरीला लागला, आणि एक दिवस ती सोडून घरी येऊन बसला. म्हणाला, आपल्या लोकांसाठी कट्टा बांधतो, संगणकावरचा. अशोकराव आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. आईने मात्र बाहेरची खोली रिकामी करून दिली.

‘हाक’ हा त्या कट्ट्याचा जीव होता. कुणाला रक्त हवं असे, कुणाला इंदूरच्या इस्पितळात सोबत, कुणाच्या मुलीला परीक्षेसाठी भोपाळला राहायला जागा. हाक घातली की कुणी ना कुणी ओ देई. ज्याला संकोच वाटे त्याला नाव झाकून हाक घालायची सोय होती. खरं नाव फक्त साइट सांभाळणाऱ्यांना दिसे.

साइट चालवायचा खर्च धारचे भैयासाहेब करत. संस्थानी अंमलदारांचं जुनं घराणं, मोजकं बोलणारा माणूस. आपल्यामागेही कट्टा चालू राहावा म्हणून आता ते ट्रस्ट करायला निघाले होते. त्याला दोन्ही गावांच्या मराठी मंडळाची मंजुरी रविवारी धारच्या सभेत व्हायची होती.

सभेच्या तयारीच्या बैठकीत मंडळाचे अध्यक्ष बळवंतराव यांनी ठरवून टाकलं की शेवटी आभार प्रदर्शन जोरदार झालं पाहिजे. मदत कुणी केली, कुणाला झाली, सगळ्यांची नावं घ्यायची. नाव न घेता आभार मानणं ही काही आपल्याकडची रीत नव्हे. अजेयच्या अंगात तर उत्साह मावत नव्हता. तो म्हणाला, नुसती नावं कशाला, अख्खी ‘हाक’ पडद्यावर दाखवतो, झाकलेली नावंही उघडतो, आता सगळी आपलीच तर माणसं आहेत. बैठकीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आणि आता हे कोरं पान. बळवंतरावांना बातमी लागायला वेळ लागला नाही. त्यांचा फोन आला तेव्हा अजेयचा चहा तसाच निवत पडला होता.

“हे कोणी केलं ते रविवारपर्यंत कळलं पाहिजे,” बळवंतराव म्हणाले. “नाही कळलं, तर ट्रस्टचा विषय मी सभेपुढे आणणार नाही. ज्या घराला कडी नाही, त्यात समाजाचा पैसा मी ठेवू देणार नाही.”

ट्रस्ट नाही म्हणजे कट्टा नाही. भैयासाहेबांची प्रकृती आताशा तोळामासा असे, त्यांच्यानंतर विचारणारं कुणी नव्हतं. फोन ठेवल्यावर अजेय उठला आणि चपला घालून प्रेमलामावशींकडे गेला.

२. जागा मोकळी झाली का?

प्रेमलामावशी देवासच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. नोकरीभर त्यांनी दोन गावांची सुखदुःखं कानात घेतली आणि ओठाबाहेर काढली नाहीत. गल्लीतलं कुणाचं काही हरवलं, कुणी रुसून निघून गेलं, की लोक त्यांच्याकडे येत. मावशी आधी पोह्यांची बशी पुढे करत आणि मग प्रश्न विचारत. पोहे खाताना माणूस खोटं बोलत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “घरातलं सामान गेलं की जागा मोकळी होते. तुझ्याकडे झाली का?”

अजेयला आधी काही कळेना. मग कळलं तेव्हा तो पोहे टाकून घरी पळाला, आणि मावशी पदर सावरत त्याच्यामागून आल्या. साइटने सर्व्हरवर किती जागा अडवली आहे, तो आकडा त्याने काढला. तो काडीचाही कमी झाला नव्हता. एवढी सगळी पानं पुसली असती तर तो धाडकन खाली यायला हवा होता.

“म्हणजे पुसलं नाही. हलवलंय,” मावशी म्हणाल्या.

माळवकट्ट्यावर कुणालाही आपला छोटा कट्टा काढता येई, नाटकवाल्यांचा वेगळा, क्रिकेटवाल्यांचा वेगळा. कट्टा बंद ठेवला तर बाहेरच्याला तो दिसतही नसे. अजेयने आत शिरून एकेक बंद कट्टा धुंडाळला, आणि एका ठिकाणी त्याला सगळी ‘हाक’ सापडली. एकही ओळ इकडची तिकडे झाली नव्हती. बुधवारी संध्याकाळी कुणीतरी ती एकेक पान करून, थांबत थांबत, तिथे आणून ठेवली होती. त्या कट्ट्याला एकच सभासद होता आणि कट्ट्याचं नाव होतं ‘ठेव’.

अजेयला आनंदाने रडू यायचं बाकी होतं. तो लगेच सगळं जागेवर ठेवायला निघाला, पण मावशींनी त्याचा हात धरला. म्हणाल्या, थांब जरा. चोर लुटीला ठेव म्हणत नाही. ज्याने हे केलंय त्याला त्या पानांची माया आहे. का केलं ते कळेपर्यंत हात लावू नको.

“तो एक सभासद कोण आहे ते सांग आधी.”

अजेयने नाव पुन्हा एकदा वाचून पाहिलं. ते नाव चारुलताकाकूंचं होतं.

३. पहिलंच उत्तर

साइट सांभाळणारे तिघं होते. अजेय, त्याचा मित्र शंतनू, आणि धारच्या चारुलताकाकू. काकू शाळेतून निवृत्त झाल्यापासून ‘हाक’ त्याच बघत. आलेली प्रत्येक हाक वाचायची, योग्य माणसाला फोन करायचा, हे काम त्या घरचं कार्य असल्यासारखं करत. त्यांच्यावर संशय घेणं अजेयला जड जात होतं, म्हणून त्याने आधी शंतनूला मावशींकडे बोलावून घेतलं.

शंतनूचं आणि त्याचं महिन्यापूर्वी कडाक्याचं भांडण झालं होतं. इंदूरची एक कंपनी साइट विकत घ्यायला तयार होती. शंतनू म्हणे विकू, अजेय म्हणे मेलो तरी नाही. ‘हाक’ गायब झाली, ट्रस्ट फिसकटला, की विकण्यावाचून गत्यंतर नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

“अरे भिया, तू पागल आहेस का?” शंतनू म्हणाला. त्याची सगळी शाळा हिंदीतून झालेली, त्यामुळे रागात त्याचं मराठी अर्ध्यावर सुटे. “मला बेचायचं असतं तर तुझ्या तोंडावर बेचलं असतं. ऐसी हरकत मी करीन? अन् काकूंच्या नावावर?”

मावशींनी त्याला एकच विचारलं. तुला आत शिरायला काकूंचं खातं लागतं का? शंतनू म्हणाला, कशाला लागेल, सर्व्हरची चावी माझ्यापाशी आहे, थेट आत जातो. मावशींनी मान हलवली आणि त्याच्यापुढे आणखी पोहे वाढले.

मग अजेयने काकूंच्या खात्याचा इतिहास काढला. बुधवारी कुणीतरी ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून नवा पासवर्ड लावला होता. त्यासाठी गुप्त प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. मावशींनी विचारलं, प्रश्न कोणता? अजेय थोडा घुटमळला आणि म्हणाला, “तुमचं कुलदैवत कोणतं?”

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. बाकी जग आईचं माहेरचं आडनाव विचारतं. अजेयला वाटलं, ते तर आपल्याकडे दूधवाल्यालाही माहीत असतं, त्यापेक्षा कुलदैवत बरं. जिथे प्रत्येक स्थळाच्या पत्रिकेवर गोत्राखाली कुलदैवत लिहितात, आणि खुद्द माळवकट्ट्यावर प्रत्येकाच्या पानावर ते छापलेलं असतं, तिथे याने त्याचंच कुलूप केलं होतं. असं कुलूप फक्त आपलाच माणूस करू जाणे.

“म्हणजे काकूंचं पान बघून कुणीही उघडलं असेल,” अजेय खजील होऊन म्हणाला. “पानावर आहे, जेजुरीचा खंडोबा.”

पण खात्यात लिहिलेलं उत्तर वेगळं होतं. तिथे होतं, योगेश्वरी. आणि चुकलेली उत्तरं साइट टिपून ठेवी, तर इथे चूक एकही नव्हती. आलेल्या माणसाने खंडोबा लिहून पाहिलंच नव्हतं. त्याने पहिल्याच फटक्यात योगेश्वरी लिहिलं होतं.

४. धारची तीन घरं

शुक्रवारी दोघं इंदूरवरून बस बदलून धारला पोहोचले.

चारुलताकाकूंनी दार उघडलं तेव्हाच त्यांचा चेहरा उतरलेला होता. पासवर्ड लागत नाही हे त्यांना गुरुवारी सकाळीच कळलं होतं. योगेश्वरी हे माझं माहेरचं दैवत, त्या म्हणाल्या. सासरचा खंडोबा साऱ्या गावाला ठाऊक, म्हणून मुद्दाम माहेरचं लिहिलं. कुणाला सांगितलं होतं का? नाही. बुधवारी संध्याकाळी तुम्ही कुठे होता? यावर काकू उठून लाडवांचा डबा घेऊन आल्या.

“दुपारनंतर मी घरी नसते. कुठे असते ते विचारू नका, प्रेमलाताई,” त्या शेवटी म्हणाल्या. मग अजेयकडे वळून म्हणाल्या, “सभेत माझं नाव सांग. माझ्या खात्यातून झालंय, ते खरंच आहे. मला चालेल.”

एवढं बोलून त्यांनी लाडवांचा डबा पुढे केला. अजेयने घेतलेला लाडू हातातच राहिला. ज्या बाईने त्याच्या कट्ट्यासाठी दोन वर्षं फोन झिजवले, ती आता त्याच्यासाठी गुन्हाही अंगावर घ्यायला निघाली होती, आणि तो तिच्यावर विश्वास ठेवू शकत नव्हता आणि संशयही घेऊ शकत नव्हता.

दुसरं घर बळवंतरावांचं. ते पहिल्यापासून या साइटच्या विरोधात होते, आणि तसं तोंडावर सांगत. तरुण मंडळी समोरासमोर येऊन नमस्कार करीनाशी झाली आहेत, हे त्यांचं दुखणं. मावशींनी संगणक बघू या का म्हटलं, तर त्यांनी सुनेच्या खोलीकडे बोट दाखवलं. त्यांनी स्वतः त्या यंत्राला आजवर हात लावलेला नव्हता. सून कागदावर छापून देई, ते चष्मा लावून वाचत. त्यांच्या बोलण्यातून मावशींनी एवढं मात्र काढून घेतलं की पडद्यावर नावं दाखवायचं ठरलं त्या बैठकीनंतर कुणीही येऊन हरकत घेतली नव्हती.

तिसरं घर भैयासाहेबांचं. तिथे चौकशीला नव्हे, तर निदान तोंड दाखवायला जायचं, असं अजेयने ठरवलं होतं. ज्या माणसाने विश्वास टाकला त्याला काय उत्तर द्यायचं, या विचाराने त्याला रात्री झोप लागली नव्हती.

भैयासाहेबांनी दोघांना झोपाळ्यासमोर बसवलं. त्यांचा लॅपटॉप टेबलावर झाकून ठेवलेला होता. एका बोटाने टाइप करायला त्यांना अजेयनेच शिकवलं होतं, आणि ते न कंटाळता शिकले होते. त्यांनी अजेयची समजूत घातली. गेलं ते गेलं, काळजी करू नका, कट्ट्याचं काम थांबू नये, असं म्हणाले. अजेयने काकूंच्या खात्याबद्दल सांगितलं तेव्हा मात्र त्यांचा हात झोपाळ्याच्या कडीवर थांबला.

“सुमंगलाचं नाव यात कशाला आणता?” ते म्हणाले. “तिने काही केलेलं नाही.”

अजेय म्हणाला, सुमंगला नाही, चारुलताकाकू. भैयासाहेब म्हणाले, हो हो, तीच, वयोमानाने नावं चुकतात. मावशींनी त्यांच्या पत्नीला, काकीसाहेबांना, भेटता येईल का विचारलं. त्या आराम करत होत्या. गेले कित्येक महिने धारमध्ये कुणी विचारलं तरी हेच उत्तर मिळे.

बाहेर आल्यावर मावशी तडक बस स्टँडवर आल्या. तिथे त्यांनी अजेयचा मोबाइल मागून घेतला आणि चारुलताकाकूंना फोन लावला.

“चारुलता, एकच विचारते. लग्नात तुझं नाव बदललं होतं का?”

पलीकडे काकू रडायला लागल्या.

५. ज्याला ती सुमंगला होती

मावशींनी इंदूरची बस जाऊ दिली. दोघं स्टँडवरच्या बाकावर बसले आणि मावशींनी एकेक धागा सोडवून दाखवला.

शंतनूला आत जायला काकूंचं खातं लागत नाही, म्हणून तो नाही. काकूंना स्वतःचा पासवर्ड माहीत होता. स्वतःच्या घरात शिरायला कुणी खिडकी फोडत नाही, म्हणून त्याही नाहीत. बळवंतरावांना यंत्र येत नाही, आणि त्यांनी दुसऱ्याकडून करवून घेतलं असतं तर पुसून टाकलं असतं, असं जपून ठेवलं नसतं.

आता तो प्रश्न. धारमध्ये कुणालाही चारुलताचं कुलदैवत विचारलं तर तो तिच्या सासरचं सांगेल, खंडोबा. लग्न झालेल्या बाईला माहेरचं दैवत कोण विचारतो? पहिल्याच फटक्यात योगेश्वरी कोण लिहील? ज्याच्या लेखी ती अजून माहेरची मुलगी आहे, तोच.

“आत्ता तिनेच सांगितलं, लग्नाआधीचं तिचं नाव सुमंगला,” मावशी म्हणाल्या. “ग्वाल्हेरची. काकीसाहेबही तिथल्याच, त्याच गल्लीतल्या, दूरच्या भावकीतल्या. दोघींची योगेश्वरीच. हे आठवणारं आता धारमध्ये कुणी नाही. चारुलताला इथे येऊन पस्तीस-चाळीस वर्षं झाली. मग भैयासाहेबांच्या तोंडात ते जुनं नाव इतकं सहज कसं आलं?”

अजेय म्हणाला, चुकून.

“चुकून माणूस सवयीचं नाव घेतो. त्यांच्या घरात रोज कुणीतरी तिला सुमंगला म्हणून हाक मारतंय. चारुलता रोज दुपारनंतर कुठे असते, ते आता तूच सांग.”

अजेयला कळलं, आणि कळलं म्हणून त्याला बसवेना. दीड वर्षापूर्वीची एक झाकलेली हाक त्याला आठवली. घरातली वृद्ध बाई पहाटेपासून दिसत नाही, अंगावर जरीकाठी हिरवं लुगडं, स्वतःचं नाव कदाचित सांगता येणार नाही. पीथमपूरला जाणाऱ्या शिफ्टच्या बसमधल्या मुलांनी ओ दिली होती. ग्वाल्हेरची गाडी समजून ती त्यांच्या बसमध्ये चढली होती. त्यांनी तिला कारखान्याच्या फाटकाशी चहा पाजला, एकजण शिफ्ट सोडून तिच्याजवळ बसून राहिला, आणि धारला आणून काकूंनी फोनवर सांगितलेल्या कोपऱ्यावर सोडलं. नाव त्यांनी विचारलं नाही. खालोखाल दुसरी झाकलेली हाक होती. जुन्या गोष्टी ऐकत बसायला रोज कुणी येईल का? त्याला काकूंनी स्वतःच ओ दिली होती.

झाकलेली नावं अजेय कधी उघडून बघत नसे. ते काकूंचं काम, आणि काकू त्या बैठकीला नव्हत्या. त्यामुळे पडद्यावर काय येणार होतं, ते त्याला माहीतच नव्हतं. दोनशे माणसांसमोर, आभार मानायचे म्हणून, काकीसाहेब हरवल्याची गोष्ट नावासकट झळकली असती. आणि ते तोच करणार होता, हसत हसत.

६. ठेव

भैयासाहेबांनी दार स्वतः उघडलं. दोघांना परत आलेलं पाहून ते बाजूला झाले. अजेय आधी त्यांच्या पाया पडला.

“मी चुकलो,” तो म्हणाला. “नाव झाकतो असा शब्द दिला होता, आणि मीच उघडणार होतो.”

भैयासाहेबांनी त्याला उठवून आपल्याशेजारी झोपाळ्यावर बसवलं. मग हळूहळू बोलले. धारमध्ये असं घर नाही की जिथल्या सुनेची पहिली ओटी काकीसाहेबांनी भरली नाही. हळदीकुंकवाला शंभर बायका आल्या तरी प्रत्येकीला नावाने हाक मारायच्या, तिच्या मुलांची नावं घेऊन विचारपूस करायच्या. आता त्यांना समोरचं माणूस ओळखू येत नाही. त्याच बायका त्यांच्याकडे दयेने बघतील, ते मला सोसवलं नसतं. बैठकीतलं माझ्या कानावर आलं, पण नावं दाखवू नका म्हणायला तोंड उघडलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. पुसायला बसलो तर बोट चालेना.

“त्या मुलांनी तिला घरी आणलं त्या दिवशी मी ठरवलं की हा कट्टा बंद पडू द्यायचा नाही. ते उपकार कसे पुसू?” ते म्हणाले. “म्हणून उचलून ठेवले. सुमंगलाच्या नावाने ठेवले, तिला पुढेमागे सापडतील म्हणून. तिच्यावर आळ येईल, एवढं मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. रविवारी मी उभा राहून सांगतो.”

अजेय म्हणाला, नाही. तुम्ही काही सांगायचं नाही. ट्रस्ट होवो न होवो.

परतीच्या बसमध्ये मावशींनी त्याला विचारलं की मग सभेत काय सांगशील. अजेय दोन्ही बाजू तोलून बघत होता. खोटं बोललं तर कट्ट्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, खरं बोललं तर काकीसाहेबांचं झाकलेलं उघडं पडणार.

७. आभार प्रदर्शन

रविवारी मंडळाचं सभागृह भरलं होतं. देवासचे कारखान्यांतले लोक एका बाजूला, धारची जुनी घराणी दुसऱ्या बाजूला, नेहमीसारखीच. शंतनू पीथमपूरच्या शिफ्टवाल्या मुलांना घेऊन आला होता. पडदा टांगलेला होता आणि कोरा होता.

बळवंतरावांनी अजेयला पुढे बोलावलं. अजेयने सांगितलं की ‘हाक’ सुखरूप आहे. पण ती पडद्यावर दिसणार नाही, आज नाही आणि कधीच नाही. ज्यांनी नाव झाकायला सांगितलं त्यांची नावं उघडायचं मी कबूल केलं होतं, ते कबूल करायचा मला अधिकार नव्हता. कुणीतरी वेळेवर ती पानं माझ्या हातून काढून घेतली आणि जपून ठेवली. ज्याने हे केलं त्याचा मी जन्माचा ऋणी आहे.

“ते कोण, तेवढं सांगा,” बळवंतराव म्हणाले. “नाहीतर विषय इथेच संपला.”

“ते सांगणार नाही,” अजेय म्हणाला. “त्या माणसाचं नावही झाकलेलंच राहील.”

सभागृहात कुजबुज सुरू झाली. बळवंतरावांनी समोरचे कागद गोळा करायला घेतले. अजेयने मनातल्या मनात कट्ट्याला निरोपही देऊन टाकला, आणि नवल म्हणजे त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. पहिल्या रांगेतून अशोकराव त्याच्याकडे बघत होते. मुलाने नोकरी सोडल्यापासून त्यांनी त्याच्याकडे असं मान वर करून पाहिलं नव्हतं.

मागे दाराशी हालचाल झाली म्हणून सगळ्यांनी वळून बघितलं. भैयासाहेब उभे होते. त्यांच्या एका बाजूला चारुलताकाकू होत्या आणि दोघांच्या मधे, हिरवं जरीकाठी लुगडं नेसून, काकीसाहेब.

“ते मी केलं,” भैयासाहेब तिथूनच म्हणाले. “काकीसाहेबांना आता माणसं ओळखू येत नाहीत. त्या हरवल्या होत्या. या मुलांनी त्यांना घरी आणलं. मला त्याची लाज वाटत होती. ती वाटायला नको होती. या मुलांचे आभार मानायला मी आलो आहे, आणि नाव घेऊन मानणार आहे, पण माझं स्वतःचं नाव घेऊन. दुसऱ्या कुणाचं नाव त्याच्या मर्जीवाचून या कट्ट्यावर उघडू नये. अजेयने आत्ता जे केलं, त्याच्यासाठी मी ट्रस्ट करतो आहे.”

काकीसाहेब एवढ्या चेहऱ्यांकडे बघून गोंधळल्या. त्यांचे ओठ हलले, कुणाचं तरी नाव शोधावं तसे, आणि त्यांनी भैयासाहेबांची बाही घट्ट धरली.

मग धारच्या बाजूची एक बाई उठली. ती काकीसाहेबांसमोर जाऊन वाकली आणि म्हणाली, काकीसाहेब, मी जोशांची थोरली वेदिका, माझी ओटी तुम्ही भरली होती. तिच्यामागून दुसरी उठली आणि तिनेही आधी आपलं नाव सांगितलं. मग तिसरी. कुणी तुम्ही मला ओळखलंत का म्हणून विचारलं नाही. बायकांची रांग लागली आणि प्रत्येकीने आपलं नाव, घर आणि मुलांची नावं आपणहून सांगितली, म्हणजे काकीसाहेबांना काही आठवावं लागू नये. मग देवासच्या बाजूच्या बायका त्याच रांगेत जाऊन मिसळल्या. प्रेमलामावशी, आयुष्यभर दुसऱ्यांची नावं जोडून देणाऱ्या, स्वतःचं नाव सांगताना पहिल्यांदाच अडखळल्या.

बळवंतरावांनी चष्मा पुसला. कागद पुन्हा पसरले, आणि ट्रस्टचा ठराव वाचायला घेतला. त्यात त्यांनी आपल्या हाताने एक कलम वाढवलं, झाकलेलं नाव मंडळाच्या अध्यक्षालाही दाखवू नये म्हणून. कुणी विरोध केला नाही. कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं.

अजेय रांगेत अगदी शेवटी होता. त्याच्या पुढे शिफ्टच्या बसमधली मुलं होती, आणि काकीसाहेबांनी त्यांच्याकडे पाहून नुसतं मंद हसून मान हलवली. त्याची पाळी आली. जुन्या धारमध्ये त्याचं घर नव्हतं, त्यांनी ओटी भरलेली आई नव्हती, सांगण्यासारखं काहीच नव्हतं. तो वाकला आणि म्हणाला, “मी अजेय. देवासचा. अशोकरावांचा मुलगा. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही.”

काकीसाहेबांनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“किती वाळलास रे,” त्या म्हणाल्या. “कुणी जेवायलाही विचारलं नाही का तुला? बस इथे. जेवल्याशिवाय जायचं नाही.”

अजेय त्यांच्या पायाशी बसला. डोक्यावरचा हात त्यांनी काढला नाही, आणि पानं वाढल्याची हाळी आली तरी तो उठला नाही.